पाठ पारखणारे बिरू आबा

मी सिस्टर नाही. बारामतीत एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय आणि सीटीचं मशीन चालवते. टेक्निशियन आहे, त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय. पण अंगात पांढरा कोट आणि बाईमाणूस, म्हणजे सिस्टर. सांगून सांगून तोंड दुखलं, आता कुणी 'ओ सिस्टर' म्हटलं की मुकाट्यानं 'काय हो' म्हणते. मला माझ्या कामानं ओळखणारा माणूस एकच भेटला, आणि त्यालाही कारण होतं. मला मोठं केलं की तो आपोआप माझ्याहून मोठा व्हायचा. "ही आमची मशीनवाली म्याडम," बिरू आबा वेटिंग हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. "मशीन ती चालवती. पर कुणाला मशीनमधी घालायचं, ते मी सांगतो."

निमगाव केतकी हे माझं माहेर. लग्न होऊन मी बारामतीला लागून जळोचीत आले, पण आबांचं घर आमच्या माहेरच्या घरापासून दोन घरं सोडून, त्यामुळे त्यांची सुटका मला लग्नानंतरही झाली नाही. आबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पुढे पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, मेंढरं गेली. पण मेंढरांबरोबरची एक विद्या घरात राहिली. मेंढी घेताना जाणता माणूस तिचं तोंड बघत बसत नाही, पाठीवर हात टाकतो. कमरेच्या जरा वर, कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं रुतवायची. जनावर खरंच पोसलंय की नुसतं लोकरीनं फुगलंय, ते बोटांना कळतं. आबांना ते इतकं कळायचं की बाजारात सौदा अडला तर दोन्हीकडची माणसं त्यांना बोलवायला यायची.

मग कधीतरी गावात कुणाची तरी कंबर धरली. आबांनी सवयीनं हात टाकला, म्हणाले, "मणका दबलाय, फोटो काढ," आणि फोटोत मणका दबलेला निघाला. झालं! त्या दिवसापासून आबांनी मेंढरं सोडली आणि माणसं धरली.

आता आतली गोष्ट सांगते. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही कमरेचा फोटो काढा, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये काही ना काही दिसतंच. ओझं वाहणाऱ्याला दिसतं, बसून खाणाऱ्यालाही दिसतं. त्यामुळे आबा कधी चुकतच नसत. फिल्म उन्हात धरायची, एक डोळा मिटायचा, खालून मणके मोजत यायचं आणि जाहीर करायचं, "चार-पाचात हाय." मग रिपोर्टमध्येही तेच यायचं. पेशंट रिपोर्टच्या पाया पडायच्या ऐवजी आबांच्या पाया पडायचा. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे जे फिल्म वाचून रिपोर्ट लिहितात त्यांनी, एकदा मला वैतागून विचारलं, "या माणसाचं शिक्षण किती?" मी म्हटलं, "सर, नववी नापास. पण तुमच्याआधी सांगतात."

आठवड्यातून एकदा आबा जीपभर माणसं घेऊन यायचे. स्वतः पुढच्या सीटवर. एक पैसा घेत नसत कुणाकडून, हे खरंच सांगते. त्यांना फक्त पुढची सीट लागायची आणि आमच्याकडचा चहा. हॉलमध्ये पोचले की त्यांची शाळा भरायची. "करदोडा काढा. ताईत काढा. चुन्याची डबी काढा. आत मळणी यंत्रावानी आवाज येतू, भ्यायचं न्हाय. हलायचं न्हाय. खाज आली तरी देवाचं नाव घ्यायचं." हे सगळं सांगणं खरं तर माझं काम. मी बोलायला तोंड उघडलं की पेशंट आबांकडं बघायचे, म्हणजे ही बाई बोलतीय ते बरोबर आहे का म्हणून.

एकदा एक पुढारी आले. कंबर त्यांची एकट्याची, पण आले चौदा जण. सगळ्यांना आत यायचं होतं. एकजण मला म्हणाला, "मॅडम, साहेबांना थांबायची सवय नाही. मशीनला जरा लवकर उरकायला सांगा." मी म्हटलं, "सांगते, पण त्याचं मतदार यादीत नाव नाही, ते कुणाचं ऐकत नाही." तेवढ्यात आबा उठले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी साहेबांच्या पाठीत बोटं रुतवली. आबा बराच वेळ चाचपत राहिले, डावीकडं गेले, उजवीकडं गेले, आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "साहेब, चरबी लई हाय. कणा काय हाताला लागंना." आबांनी हे अगदी मेंढीच्या अर्थानं म्हटलं होतं. चौदा जणांनी चौदा दिशांना बघितलं. मी आत जाऊन, दार लावून, पोट धरून हसले.

अशा माणसाचे पाय लटपटायला लागले.

सुरुवात चपलेपासून झाली. पायातली चप्पल मागं राहायची आणि आबा चार पावलं पुढं गेलेले असायचे. मग म्हणायला लागले, "जिमीन मऊ लागती गं. गादीवरनं चालल्यावानी वाटतं." दुखत काहीच नव्हतं. आबांनी स्वतःला तपासून टाकलं. पाय कमरेला जोडलेत, तेव्हा कंबर. एका डॉक्टरांकडून 'कंबर' असं लिहिलेला कागद आणला आणि टेबलावर झोपले. झोपल्या झोपल्या मला सूचना चालूच. फिल्म हातात पडल्यावर उन्हात धरली आणि चेहरा असा फुलला की जणू नातू झाला. "बघ! चार-पाच! मी म्हणत नव्हतो?"

कमरेला पट्टा आला, गोळ्या आल्या, वजनं लावून झालं, कुठलंसं तेल झालं. पाय काही सुधारले नाहीत. तीन महिन्यांनी आबा परत आले, कमरेचाच फोटो काढायला. त्यांचं म्हणणं, पहिल्या फोटोत नीट आलं नसेल. दुसऱ्यातही चार-पाच. यात चूक माझीही आहे. कागदावर 'कंबर' लिहिलं होतं, मी दोन्ही वेळा कंबर काढली. कागदापलीकडे बघायचं नाही अशी आमच्या धंद्याची सवय आहे. हात कसे आहेत, हे मी विचारलंच नाही. मनाला लागतं ते.

मग तो पट्ट्याचा दिवस आला. भवानीनगरकडचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर कंबर धरून आला होता. आबांनी त्याला उभं केलं, शर्टावरनंच हात टाकला आणि चारचौघांना बोलावून दाखवायला लागले. "हितं बघा. चार हाडं कशी वर आल्यात. एका रेषेत. लई दाबलंय."

ड्रायव्हर बिचारा ओशाळून म्हणाला, "आबा, त्यो कमरंचा पट्टा हाय. त्यातल्या पट्ट्या लागत्यात तुमाला."

हॉलमध्ये हशा पिकला. आबा तर सगळ्यात मोठ्यानं हसले. मी नाही हसले. ज्या माणसाला लोकरीखालची फासळी कळायची, त्याला शर्टाखालचा प्लास्टिकचा पट्टा कळला नाही? मी त्यांच्या हाताकडं बघितलं. ड्रायव्हरच्या पाठीवरून हात निघाला तेव्हा चार बोटं जवळ होती आणि करंगळी एकटीच बाजूला राहिली होती. आबा ती जवळ घ्यायला बघत होते, ती येत नव्हती.

मी त्यांना पाण्याच्या कूलरमागं नेलं. "आबा, मूठ मिटा, उघडा. पटापट."

"एसीची थंडी हाय."

"मिटा म्हणते ना!"

मूठ मिटली. उघडताना बोटं एकेक करून, सावकाश उघडली. दुसऱ्या हाताचंही तेच. मागं बाकावर हौसाकाकी, आबांची बायको, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कधी बोलायची नाही. मी तिच्याकडं वळले. "काकी, खरं सांगा."

"ए, गप बस हं," आबा तिला म्हणाले.

काकीनं पिशवी खाली ठेवली. "शर्टाची बटणं मी लावती बाई. दिवाळीपासनं. भाकरी मोडून देती. परवा ह्यास्नी चुन्याची डबी उघडंना, ती बी मीच उघडली. कुणाला सांगितलंस तर याद राख म्हणत्यात."

दिवाळी होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मला इतका राग आला की काय सांगू! "आबा, तुम्ही जगाला फोटो काढायला लावता आणि स्वतः हाताचं लपवता? डॉक्टरला का नाही सांगितलं?"

आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पाय गेलं तर बसून राहीन गं पोरी. पर हाताचं गावात कळलं तर माझ्याजवळ यील कोण?"

मी मोठ्या डॉक्टरांना बाहेर बोलावलं. त्यांनी आबांना खुर्चीत बसवून गुडघ्यावर हातोडी मारली. पाय असा उडाला की डॉक्टरांच्या हातातली फाईल लांब जाऊन पडली. आबा खूश. "बघितलं का डॉक्टर? पायात अजून जोर हाय!" डॉक्टर हसले नाहीत. पाय इतका उसळणं हे जोराचं लक्षण नाही, वरून, मेंदूकडून येणारा लगाम सुटल्याचं लक्षण आहे. ते मला म्हणाले, "यांची मान घ्या. आत्ता."

"मान?" आबा उसळले. "मान दुखत न्हाय माझी! जितं दुखतं तितला फोटू काढायचा, हे मी सगळ्यांना सांगतो आन् तुमी मलाच..."

"आबा," मी म्हटलं, "शेताच्या टोकाला पाणी पोचत नसेल तर टोकाला खणत बसता का? वर जाऊन बघता ना, कुठं अडलंय?"

आबा खुर्चीतून उठले. मग काकीपुढं उभे राहिले आणि तिनं सगळ्यांदेखत त्यांची बटणं काढली.

मी काचेच्या अलीकडं बसले. पडद्यावर मान आली. मणके सगळे जागेवर होते. त्यांच्या मागच्या अंगानं वरपासून खालपर्यंत एक चिवट पट्टा चिकटलेला असतो. एरवी तो बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो, आम्ही त्याच्याकडं लक्षही देत नाही. आबांच्या मानेत ती रेघ जाड झाली होती, तीन मणक्यांच्या मागं तर चांगली फुगली होती, आणि तिच्या मागचा मज्जारज्जू फितीसारखा चपटा झाला होता. त्यात मधोमध एक पांढुरका डाग. पाठोपाठ सीटी केला. एमआरआयमध्ये जे काळं होतं ते सीटीत पांढरं फटक दिसलं. म्हणजे हाड. मऊ पट्ट्याचं हळूहळू, वर्षानुवर्षं हाड बनत गेलं होतं. काही दुखलं नाही, काही आवाज झाला नाही.

आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं. पण आबांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. ते डॉक्टरी भाषेत बोलले, आबांनी मान डोलावली आणि माझ्याकडं बघितलं. मग मी माझ्या भाषेत सांगितलं. "आबा, तुमच्या डाळिंबाच्या ड्रिपच्या नळीत क्षार साचतो ना, तसं समजा. नळी बाहेरून धड, आतून जागा संपली. मेंदूकडून हातापायाला जे काही जातं, ते इथं चेपलंय."

आबांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट जिथं ठेवायचं होतं त्याच्या बाजूला पडलं. "मग ॲसिड सोडून धुऊन काढायची की नळी. आमी ड्रिपला सोडतो."

"त्या नळीतून पाणी जातं, आबा. हिच्यातून तुमचे हातपाय जातात."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुण्याला जाऊन ऑपरेशन करायचं, मागून हाड उघडून मज्जारज्जूला जागा करून द्यायची. उशीर केला आणि एखादा हिसका बसला, पडणं झालं, तर आबा कायमचे अंथरुणावर. बोटांचं काकीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आहे ते वाचवायचं. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही."

पुढचा आठवडा आबांची फिल्म गावभर फिरली. ज्यांच्या फिल्म आबांनी वाचल्या होत्या त्या सगळ्यांनी आता आबांची वाचली. डेअरीवाल्यानं वाचली, सोसायटीच्या चेअरमननं वाचली, वायरमननं खांबावरून उतरून वाचली. आणि एकमतानं निकाल दिला: चार-पाचात आहे. मानेच्या फिल्ममध्ये! आबांनीच शिकवलेले विद्यार्थी, दुसरं काय सांगणार? आबांना ते ऐकून बरं वाटायला लागलं होतं. मी रोज फोन करून ओरडायची. मान झटकू नका, जीपच्या मागच्या सीटवर बसू नका, कुणाला मानेला हात लावू देऊ नका. तेल नको, मालिश नको, पैलवान नको. सगळं सांगितलं. एकच विसरले.

पुण्याला जायच्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला. "निघतोय गं. हे जरा दाढी-कटिंग करायला गेल्यात दत्तूकडं. पुण्याला जायाचं म्हणून."

आमच्याकडं कटिंग झाली की सलूनवाला डोकं दोन्ही हातांत धरतो आणि मान या अंगाला कट्, त्या अंगाला कट् मोडतो. त्याशिवाय कटिंग झाली असं कुणी मानतच नाही. आबांची मान दत्तू वर्षानुवर्षं अशी मोडत आला होता.

"काकी, फोन घेऊन पळा! पळा म्हणते! फोन मोठ्या आवाजावर टाका!"

बिचारी साठीची बाई रस्ता ओलांडून पळाली. मी सेंटरच्या पार्किंगमध्ये उभी राहून फोनवर किंचाळत होते. "दत्तू! आबांच्या मानेला हात लावशील तर बघ!"

पलीकडून दत्तूचा आवाज आला, घाबरलेला. "ताई, अजून मोडली न्हाय. नुसती धरलीया."

"सोड! हळू सोड!"

"सोडली."

आणि मग आबांचा आवाज. "म्याडम, एका बाजूची तरी मोडू द्या की. लई बरं वाटतं."

मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून रडले. अगदी हमसून हमसून. वॉचमन विचारायला आला, 'सिस्टर, घरचं कुणी गेलं का?' म्हटलं, 'नाही रे बाबा, राहिलं.'

ऑपरेशन झालं. पाय बऱ्यापैकी आले, काठी घेऊन आबा गावात फिरायला लागले. फॉलो-अपचा स्कॅन पुण्यातच झाला, त्यामुळे आमची भेट नाही. जीप मात्र बंद झाली. आमच्या मालकांनी दोनदा चौकशी केली, ते आबा हल्ली येत नाहीत का? त्यांना तब्येतीची काळजी होती असं मी धरून चालले.

त्यानंतर आबांना मी एकदाच बघितलं. माहेरी गेले होते, बाजाराचा दिवस होता, भाजी घेत होते. समोर चहाच्या गाड्यापाशी आबा खुर्चीत बसलेले. मानेच्या मागं उभा व्रण. अंगात बटणांचा शर्ट नव्हता, डोक्यातून घालायचा बनियनसारखा सदरा होता. भोवती पाच-सहा जण. त्यातला एक मधल्या वयाचा माणूस वळला, पाठ आबांकडं केली आणि शर्ट वर उचलला.

आबांनी हात काठीवरून काढला नाही. म्हणाले, "खाली घे शर्ट. माझ्या हाताला काय कळत न्हाय."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"हसू नगा," आबा मोठ्यानं म्हणाले. हॉलमध्ये बोलायचे तोच आवाज. "आप्रिशनच्या आधी पाच-सा म्हैनं कळत नव्हतं. तवा बी मी तुमच्या पाठी बघितल्या. तुझी बघितली, ह्याच्या आईची बघितली. काय काय सांगितलं ते समदं खोटं हाय. नुसता हात ठिवत होतो. जावा, डॉक्टरला दावून या परत."

चहावाल्यानं उगाच गाळणी आपटली. मला वाटलं, आता एकेक जण उठून जाईल. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

तो माणूस वळला नाही. शर्ट वर धरून तसाच उभा होता. "आसू द्या, आबा," तो म्हणाला. "ठिवा तरी हात."

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. हात उचलला, त्याच्या पाठीवर ठेवला. करंगळी बाजूलाच राहिली.

"लागतोय का?" त्यांनी विचारलं.

"लागतोय की."

"मला न्हाय लागत रं तुझी पाठ," आबा म्हणाले, आणि हात तसाच ठेवून बसून राहिले.